एवढंसं खाल्लं तर काय होतं?

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा भेटायचंय. भेटला तर त्याच्या चालू सर्व्हरवर रोज एक 'एवढासा' बग टाकीन, आणि तो बोंबलत आला की शांतपणे म्हणेन, "अहो, एका ओळीने काय होतंय? बाकीच्या दोन लाख ओळी बरोबरच आहेत की!"

मंडळी, या शनिवारी कळफलक बडवायला घेतलाय तो रागाने. तेव्हा नमनाला घडाभर तेल न घालता मुद्दा आधीच सांगून टाकतो. ज्या घरात कुणाला गहू चालत नाही, त्या घराला स्वयंपाकाची अडचण नसते. निदान खानदेशात तरी नसावी. अडचण असते ती माणसांची, मानापानाची आणि पिठाच्या गिरणीची. आणि आपण सगळे मिळून त्या घरातल्या बाईला उपाय काय सांगतो, तर नवनव्या रेसिप्या! म्हणजे प्रिंटर बंद आहे आणि आपण तिला कीबोर्ड बदलून देतोय.

आधी पार्श्वभूमी. मी पोटासाठी पुण्यात असलो तरी घर पाचोऱ्याचं. दादा-वहिनी आणि आई तिथेच असतात. पुतणी आता अकरा वर्षांची आहे. तिला सीलिअ‍ॅक आहे हे कळायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, दृष्ट काढून झाली. "अंगाला लागत नाही हो पोरीच्या" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की त्याचा रिंगटोन करता आला असता. शेवटी रक्ताची एक साधी तपासणी आणि मग आतड्याचा तुकडा तपासणं, एवढ्यावर निकाल लागला. धाकट्या पुतण्याची तऱ्हा निराळी. त्याला शेंगदाणा चालत नाही. खानदेशात शेंगदाणा चालत नाही म्हणजे मुंबईत लोकल चालत नाही असं म्हणण्यासारखं आहे. पण त्याच्याकडे नंतर येतो.

(डिस्क्लेमर : मी डॉक्टर नाही. तपासणी आणि औषध यासाठी डॉक्टरकडेच जा. खाली जे आहे ते स्वयंपाकघराबद्दल आणि आपल्या स्वभावाबद्दल आहे.)

सीलिअ‍ॅक म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात त्याचे भाऊबंद असतात. आपल्या पोटातल्या रसांना हे प्रथिन पूर्ण तोडता येत नाही. बहुतेकांचं त्यामुळे काही बिघडत नाही. पण काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ते अर्धवट तुकडे पाहून खवळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतली मखमल झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? मूल वाढत नाही, रक्त भरत नाही, काहींना जुलाब होतात, आणि काहींना जुलाब न होता नुसताच पंडुरोग होतो. तो का होतो ते कुणालाच कळत नाही. रूढ अर्थाने ही अ‍ॅलर्जी नव्हे. गव्हाची खरी अ‍ॅलर्जी वेगळी, आणि शेंगदाण्याची तर त्याहून तातडीची गोष्ट. सीलिअ‍ॅकवर आज तरी एकच उपाय आहे : जन्मभर ग्लूटेन बंद. गोळी नाही, काढा नाही, आणि "वयात आली की जाईल" हेही नाही.

"हे परदेशी लोकांचे आजार" असं म्हणणाऱ्यांसाठी : उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये हे प्रमाण साधारण शंभरात एक इतकं आढळलं आहे. भात खाणाऱ्या दक्षिणेत ते फारच कमी आहे. आपण दोघांच्या मध्ये आहोत, आणि ताटात दिवसेंदिवस उत्तरेकडे सरकतो आहोत.

आता जळगावकरांसाठी एक गंमत. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास नावाच्या बालरोगतज्ज्ञाने प्रसिद्ध केलं की सीलिअ‍ॅकची मुलं केळ्यांवर ठेवली की सुधारतात. झालं! पुढची पंचवीस-तीस वर्षं पुष्कळ डॉक्टर या आजारावर केळी देत राहिले. केळ्यात काहीतरी जादू आहे अशी समजूत होती. जादू केळ्यात नव्हतीच. केळ्यांमुळे पाव ताटातून गेला होता, त्यात होती. हे शोधलं हॉलंडच्या विलेम डिके या डॉक्टरने. त्याला युद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि सगळी जनता खंगत असताना ही आजारी पोरं मात्र सुधारली. पाव परत आला तसा त्यांचा आजारही परत आला. १९५० साली त्याने आपल्या प्रबंधात ते मांडलं. म्हणजे या दुखण्याचं कारण जगाला समजलं ते एका दुष्काळात, गरिबाच्या ताटाकडे पाहून. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर खानदेशचं स्वयंपाकघर. १८८० चं सरकारी खानदेश गॅझेटियर उघडून बघा. तिथे लोकांचं मुख्य अन्न म्हणून बाजरी आणि ज्वारी येते. गहू पिकत होता, पण रोजच्या ताटात तो सगळ्यांच्या नव्हता. पोळी सणाला, पाहुण्याला, जावयाला. रोज भाकरी. आणि भाकरी करणाऱ्या बायकांनी ग्लूटेन हा शब्द न ऐकता त्याच्याशिवायचं सगळं तंत्र बसवून ठेवलेलं आहे.

बघा ना. पोळी लाटता येते, कारण गव्हाचं पीठ मळलं की ग्लूटेनची रबरासारखी जाळी तयार होते. ज्वारीत ती जाळी नाही. म्हणून ज्वारीची पोळी लाटायला गेलात तर नकाशा होतो, तोही फाळणीनंतरचा :-) त्यावर उपाय काय? उकळतं पाणी. त्याने पिठातलं स्टार्च फुलतं आणि तेच चिकटपणा देतं. मग तळहाताच्या टाचेने भरपूर मळायचं, लाटायचं नाही, थापायचं. पीठ ताजं हवं, कारण जुन्या पिठाची विरी जाते. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, उलटायची, आणि शेवटी थेट आचेवर फुगवायची. यातली एकही पायरी उगाच नाही.

आणि आपली कळण्याची भाकरी! चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, थोडं मीठ, एकत्र दळलेलं. उडदाला भिजल्यावर जो बुळबुळीत चिकटपणा येतो, इडलीला उचलून धरतो तोच, तो इथे ज्वारीला बांधून ठेवतो. वर डाळीचं प्रथिन मिळतं ते वेगळंच. शहरात 'ग्लूटेन फ्री' लिहिलेल्या ब्रेडचं पाकीट उलटं करून वाचा. बांधून ठेवायला झँथन गम नावाचा पदार्थ घातलेला असतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ज्या कामाला त्यांना कारखाना लागला ते काम आमच्याकडे उडदाने केलंय. आणि एवढं असून भरीत-भाकरीला पाहुणा आला की आपण काय म्हणतो? "आज जरा साधंच केलंय हं."

तर पाचोऱ्याच्या घरातला एक आठवडा देतो. सोमवारी कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, खोबऱ्या-लसणाची चटणी. मंगळवारी शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी. शेव घरी दळलेल्या बेसनाची. बुधवारी भात आणि डुबुकवडे. गुरुवारी पातोड्यांचा रस्सा, बाजरीची भाकरी. शुक्रवारी ज्वारीच्या पिठाची धिरडी आणि ताक. शनिवारी खिचडी-कढी आणि भाजलेला नागलीचा पापड. रविवारी भरीत. डब्यात ज्वारीच्या लाह्या, बिबडे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. यात कुठलाही पदार्थ मुद्दाम शोधून आणलेला नाही. वहिनीला नवीन काही शिकावं लागलं नाही. तिला फक्त पोळ्यांचा डबा बंद करावा लागला. एका वेगळ्या प्रकारच्या युद्धाची सुरुवात तिथून झाली.

आता एकेकाला घेतो.

पहिला नंबर नातेवाइकांचा. "एवढंसं खाल्लं तर काय होतं?", "आमच्या वेळी नव्हते असे लाड", "देवाचा प्रसाद आहे, प्रसादाने कुणाला काही होत नाही". मावश्या-आत्या प्रेमानेच बोलतात हे मान्य. पण हिशोब करू. रोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तर सीलिअ‍ॅकच्या माणसाच्या आतड्याला इजा दिसू लागते, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. गव्हाच्या एक ग्रॅम कणकेत ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम ग्लूटेन धरा. म्हणजे ५० मिलिग्रॅमला पाऊण ग्रॅमसुद्धा कणीक लागत नाही. पोळीचा एक लहान तुकडा पुरेसा झाला. 'एवढंसं' म्हणून जे तुम्ही पोरीच्या तोंडाजवळ नेता ते त्याच्या कितीतरी पट असतं. आणि तिला लगेच काही होत नाही, ती तिथे कोसळत नाही, हाच घात आहे. आतलं तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही म्हणता, "बघ, काही झालं का?"

खरा अन्याय इथे आहे. घरातली मोठी माणसं अकरा वर्षांच्या पोरीवर रोज ही वेळ आणतात की तिने एक तर आजारी पडावं, नाहीतर उद्धट ठरावं. सत्यनारायणाच्या शिऱ्याला ती 'नको' म्हणते तेव्हा भर पूजेत सगळ्यांच्या माना वळतात. आता मला सांगा, प्रसादात महत्त्वाचं काय आहे, सव्वाचं माप की रवा? राजगिऱ्याचा शिरा सव्वा किलोच्या मापाने केला तर देव हिशोब मागायला येईल का? आमच्या घरी आता तसाच होतो. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. दुसऱ्या वर्षी लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

आखाजीचं तसंच. अक्षय तृतीया म्हणजे खानदेशात माहेरवाशिणींचा सण, आणि खापरावरच्या पुरणपोळीशिवाय आखाजी नाही. बरोबर. पण पुरणात काय असतं? हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची. त्यात गव्हाचा कण नाही. गहू आहे तो वरच्या पापुद्र्यात. पुरण तांदळाच्या मऊ धिरड्यात भरलं, वर तूप आणि शेजारी आमरस वाढला, तर सण बुडतो कुठे? अट एकच. ते सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर, त्याच पंगतीत वाढायचं. 'हिचं वेगळं' म्हणून कोपऱ्यात नाही. वेगळं भांडं आजारासाठी लागतं. वेगळी वागणूक कशालाही लागत नाही.

दुसरा नंबर 'गहू विष आहे' म्हणणाऱ्यांचा. यांचा उगम अमेरिकेत. 'व्हीट बेली' नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि तिथून ही लाट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन आदळली. यांना वाटतं आपण सीलिअ‍ॅकवाल्यांच्या बाजूचे आहोत. अजिबात नाहीत. ज्याला काहीही झालेलं नाही असा माणूस सोमवारी 'मी ग्लूटेन सोडलं' म्हणतो आणि शनिवारी लग्नात तीन बट्ट्या हाणतो, तेव्हा वाढपी शिकतो की हे नखरे असतात, आग्रह केला की सुटतात. मग खरी आजारी पोर समोर येते तेव्हा तिलाही तोच आग्रह होतो. दुसरं, आणि जास्त गंभीर. तपासणीच्या आधीच गहू सोडला तर रक्तातली ती चिन्हं ओसरू लागतात आणि तपासणी खोटी 'ठीक' येऊ शकते. शंका असेल तर आधी तपासा, मग सोडा. हा क्रम उलटवणारे सल्ले कुठूनही येवोत, ते सल्ले नव्हेत. आणि ज्याला गहू सोसतो त्याने खुशाल पोळी खावी. माझं गव्हाशी वैर नाही. वरण-बट्टी मी आजही दोनदा मागून घेतो.

याच मंडळींची एक देशी शाखा आहे. "खपली गहू द्या, तो आपला जुना गहू, त्यात ग्लूटेन नसतं." असतं! खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. जुना असल्याने तो निरुपद्रवी होत नाही. लपसीत आहे, रव्यात आहे, शेवयांत आहे. कुरडई गव्हाच्या चिकाची, तीही बाद. सातूच्या पिठात बहुतेक घरी गहू पडतोच. 'मल्टिग्रेन' पिठात तर पहिला मान गव्हाचाच. आणि सगळ्यात छुपा रुस्तम म्हणजे हिंग. बाजारातला बांधानी हिंग निव्वळ हिंग नसतो. तो डिंकात आणि पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे पोळी बंद केलेल्या घरात रोजच्या फोडणीतून गहू चालूच! डबी उलटून घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. नाही मिळाला तर लसणाची फोडणी द्या, खानदेशात तिला कोण नाही म्हणेल?

तिसरा नंबर पाकीटवाल्यांचा. पुण्याच्या मॉलमध्ये 'ग्लूटेन फ्री' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं ज्वारीचं पीठ मिळतं. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव जाहीर केला तो क्विंटलला ३,६९९ रुपये. म्हणजे किलोला ३७ रुपयांच्या आत. आता ते पाकीट हातात घ्या, किंमत वाचा आणि भागाकार तुम्हीच करा. माझा रक्तदाब वाढतो. बिस्किटं आणि ब्रेडचं तर आणखी वाईट. पुष्कळ पाकिटांत मुख्य ऐवज साबुदाण्याच्या जातीचं नाहीतर बटाट्याचं स्टार्च, साखर आणि तेल. चोथा नाही, लोह नाही. ज्या पोरीचं रक्त भरायचंय तिला बाजरीची भाकरी काढून हे द्यायचं? आणि वर तिच्या आईबापाला वाटायला लावायचं की पैसे असतील तरच हा आजार परवडतो!

पण थांबा. इथे पाकीटवाल्याला एक गुण द्यावा लागेल, कारण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्या गल्लीत नाही. ती म्हणजे मोजमाप. भारतात 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणून चौथा नंबर, आणि माझ्या मते खरा आरोपी : गिरणी.

वरचाच आकडा घ्या. एक ग्रॅम कणकेत ८० मिलिग्रॅम ग्लूटेन. म्हणजे एक किलो ज्वारीचं पीठ २० मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर ढकलायला किती कणीक पुरेल? पाव ग्रॅम! चिमूटसुद्धा नव्हे. आता गल्लीतली गिरणी डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून गहू दळला जातोय, दगडाच्या खाचांत पीठ, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत पीठ, भिंतीवर पीठ, गिरणीवाल्या भाऊंच्या भुवयांवर पीठ. तुम्ही सोन्यासारखी ज्वारी निवडून नेता. भाऊ म्हणतात, "आधीचं झटकून घेतो ना." झटकून पाव ग्रॅम जातो होय? दळणात आधीच्या घाणीचं मूठभर पीठ सहज येतं. म्हणजे घरी अमृतासारखी भाकरी, आणि पोरीचं रक्त भरत नाही. घरचे म्हणतात, "गहू तर बंद केला, तरी फरक नाही. तपासणीच चुकली असेल." आणि मग पुन्हा पोळी सुरू होते. इतक्या लांबचा फेरा, आणि त्याचं मूळ कापडी पिशवीत!

यावर घरापुरता उपाय आहे. दादाने घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही असा दंडक घातला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ सगळं अख्खं आणायचं, निवडायचं (पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, थ्रेशर आणि पोती सगळ्या धान्यांना तीच), धुऊन वाळवायचं, घरी दळायचं. चाळणी वेगळी, कारण चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत कणीक राहते. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचा पापड तळायचा नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे घरात गहूच कमी आणायचा. दादा-वहिनी दोन वेळा भाकरीच खातात. त्याग वगैरे काही नाही, त्यांना आवडते!

पण घरघंटी सगळ्यांना परवडत नाही. म्हणून माझी मागणी गिरणीवाल्यांकडे आहे. तालुक्याच्या गावात एक तरी गिरणी अशी असावी जिच्यात फक्त ज्वारी-बाजरी-तांदूळ-डाळी दळल्या जातील. मिरची-मसाल्याची चक्की वेगळी असतेच ना? मसाल्याच्या चक्कीत गहू टाकला तर पोळी तिखट होईल हे सगळ्यांना पटतं, म्हणून तिथे वेगळेपणा पाळला जातो. ग्लूटेन तिखट लागत नाही, एवढाच त्याचा अपराध.

आणि मागणी सरकारकडेही आहे. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा उघडा. रेशनचे दर काय लिहिलेत? तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. ज्वारी-बाजरीची पायरी शेवटची! जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झालं, पण दुकानात प्रामुख्याने येतात ते गहू आणि तांदूळ. त्याआधी, २०१८ मध्ये, केंद्राने या धान्यांना 'पोषक धान्य' म्हणायचं ठरवलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष केलं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांचं नाव 'श्री अन्न' झालं. नाव बदलून झालं, प्रदर्शनं झाली, बाजरीचे केक कापून झाले. आता एक लहान गोष्ट करा. ज्या कार्डावर सीलिअ‍ॅकचा रुग्ण आहे आणि सरकारी डॉक्टरचा दाखला आहे, त्या कार्डावर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ मागायचा पक्का हक्क द्या. ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे अवघड असू नये. निदान पाचोरा-जामनेर गाडीच्या वेगाने तरी या! (ती पीजे २०२० पर्यंत धावत होती, हळू का होईना पण पोचायची.)

आता धाकटे चिरंजीव. त्याचा शेंगदाणा हा वेगळा हिशोब आहे. तिथे इजा हळूहळू होत नाही, मिनिटांत होते. ओठ सुजणं, अंगावर गांधी, श्वास अडकणं. तिथे घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. गंमत बघा, बहिणीला उपवासाचं ताट हे वरदान आहे. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं ग्लूटेनशिवायचं. आणि भावाला तेच ताट सापळा, कारण उपवास म्हटलं की प्रत्येक पदार्थात दाण्याचा कूट! आपल्या भरितातही दाणे, ठेच्यातही दाणे. वहिनीने काय केलं? भरितात सुक्या खोबऱ्याचे काप असतातच, ते वाढवले आणि दाणे काढले. भगरीच्या आमटीत कुटाऐवजी ओलं खोबरं घातलं. तेल करडईचं. चव बदलली का? थोडी. आईने पहिल्या दिवशी "दाण्यांशिवाय भरीत म्हणजे..." एवढं म्हटलं, नातवाकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. गेली तीन वर्षं तेच भरीत होतं. हिवाळ्यात पुण्याहून मित्र येतात आणि हिरव्या वांग्याचं ते भरीत परात पुसून खातात. दाणे कुठायत म्हणून अजून एकानेही विचारलेलं नाही.

"सगळ्यांनी का सोसायचं दोघांसाठी?" असा प्रश्न एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारला होता. सोसायचं काय आहे पण? भाकरी? आजोबा-पणजोबा जे रोज खात होते ते? आपल्याला भाकरी सोसवत नाही कारण ती गरिबीची खूण वाटते. पोळी म्हणजे वर चढणं, भाकरी म्हणजे खाली उतरणं. ही उतरंड आपल्या डोक्यात आहे, रेशनच्या दरपत्रकात आहे आणि लग्नाच्या पंगतीत आहे. जिच्या आतड्याला ही उतरंड मान्य नाही अशी एक पोर घरात आली, म्हणून निदान आपल्याला ती दिसली तरी.

तेव्हा वाचकहो, विनंती तीनच. कुणी सांगितलं की मला चालत नाही, तर कारण विचारू नका, आग्रह करू नका. लग्नकार्यात एका कोपऱ्यात भाकरी थापणारी एक बाई बसवा आणि तिच्या परातीत गव्हाचा हात जाऊ देऊ नका. लाजू नका, बघा, त्याच कोपऱ्यात सगळ्यात मोठी रांग लागेल. आणि बाप्यांनो, भाकरी थापायला शिका. पहिली दहा-बारा फुटतील. माझी अजूनही एका बाजूने फुटते, पण पुतणी खाते आणि गुण देते. गेल्या खेपेला दहापैकी सहा मिळाले. आमच्या अप्रेझलपेक्षा बरंच म्हणायचं :-)

असो. घरघंटी चालू झालीय, लाइट जायच्या आत कळण दळून घ्यायचंय.